जुन्या कॉम्प्युटरला मोठी हार्ड डिस्क लावली आणि ती अर्धीच दिसते, दिसतच नाही किंवा डेटा बिघडवते: तपासणी कुठून सुरू करायची

आधी लक्षणं. यातलं एखादं जुळत असेल तर पुढचा क्रम तुमच्या कामाचा आहे.

- डिस्क फिरते, बायॉसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताच सुरू होणारा मदरबोर्डचा प्रोग्राम) तिचं नावही येतं, पण विंडोजमध्ये नवीन ड्राइव्ह दिसत नाही.
- ३ टीबीची डिस्क फक्त ७४६ जीबी दिसते, ४ टीबीची १६७८ जीबी.
- डिस्क मॅनेजमेंटमध्ये २०४८ जीबीचा एक तुकडा दिसतो आणि उरलेली जागा काळ्या पट्टीखाली पडून राहते. त्या जागेवर उजवी क्लिक केली तर नवीन पार्टिशनचा पर्याय पुसट असतो.
- डिस्क फिरतच नाही. हात लावला तर जराही थरथर जाणवत नाही. तीच डिस्क दुसऱ्या मशीनवर मात्र व्यवस्थित चालते.
- डिस्क जोडली की कॉम्प्युटर सुरुवातीच्या लोगोवर अडकतो, काढली की नीट सुरू होतो.
- कॉपी करताना वेग एकदम शून्यावर येतो, काही सेकंद सगळं गोठतं आणि पुन्हा चालू होतं.
- सगळं सुरळीत चाललेलं असतं, डिस्क भरत जाते आणि एके दिवशी जुने फोल्डर उघडत नाहीत किंवा अख्खं पार्टिशन गायब होतं.

शेवटचं लक्षण सर्वांत वाईट, कारण ते डेटा टाकून झाल्यावर कळतं. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच: डिस्क पूर्ण आकाराची दिसली म्हणजे ती पूर्ण वापरता येते, असं जुन्या मशीनवर समजू नका. या लेखातली शेवटची चाचणी पास होईपर्यंत त्या डिस्कवर कुठल्याही फाइलची एकमेव प्रत ठेवू नका.

अपुरी का दिसते

डिस्कवरची जागा सेक्टरमध्ये मोजली जाते आणि प्रत्येक सेक्टरला क्रमांक असतो. डिस्कपासून तुमच्या फाइलपर्यंतच्या वाटेत डिस्कचा स्वतःचा सर्किट बोर्ड, बाहेरचं (यूएसबीने जोडायचं) खोकं असेल तर त्यातली चिप, मदरबोर्डवरचा कंट्रोलर, बायॉस, विंडोजचा ड्रायव्हर, पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत याची नोंद) आणि ऑपरेटिंग सिस्टीम एवढे टप्पे येतात. यातल्या एखाद्या टप्प्याला मोठे क्रमांक मोजता येत नसतील तर पुढचं सगळं त्या मर्यादेत अडकतं.

क्रमांकासाठी ३२ बिट असतील तर ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर मोजता येतात. ५१२ बाइटच्या सेक्टरने गुणलं की २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट होतात, म्हणजे विंडोजच्या मोजणीत बरोबर २०४८ जीबी. त्याच्या पुढे गेलं की क्रमांक गाडीच्या मीटरसारखा पुन्हा शून्यावर येतो. मग २०४८ जीबीच्या पुढे लिहायला पाठवलेला डेटा डिस्कच्या अगदी सुरुवातीला जाऊन पडतो, आणि तिथे पार्टिशनची आणि फाइलींची नोंदवही असते. वर सांगितलेले ‘जुने फोल्डर उघडत नाहीत’ ते यामुळे.

त्याहून जुन्या, आयडीईच्या (रुंद, चपट्या) केबलच्या काळातल्या मशीनवर हाच प्रकार २८ बिटांवर घडतो. तिथली मर्यादा १३७ जीबी, विंडोजच्या मोजणीत १२८.

१. दिसणारा आकडा नीट वाचा

याला खर्च शून्य, आणि निम्मं निदान इथेच होतं. कागद घ्या, डिस्कच्या लेबलवरचा आकार लिहा, बायॉसमध्ये दिसणारा लिहा आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसणारा लिहा. विंडोज ७ मध्ये ‘कॉम्प्युटर’वर उजवी क्लिक करून ‘मॅनेज’मध्ये डिस्क मॅनेजमेंट मिळतं. विंडोज ८.१ पासून पुढे थेट स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करा.

निर्माते १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत भागतं. त्यामुळे १ टीबी ९३१ जीबी दिसणं, २ टीबी १८६३, ३ टीबी २७९४, ४ टीबी ३७२६, ६ टीबी ५५८९ आणि ८ टीबी ७४५२ दिसणं अगदी बरोबर आहे. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

आता चुकीचे आकडे. सुमारे ३२ जीबी दिसत असेल तर जुन्या आयडीई डिस्कवर क्षमता छाटणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावलेला आहे. लेबलवरची आकृती पाहून तो काढा. १२७ किंवा १२८ जीबी दिसत असेल तर २८ बिटांची मर्यादा. विंडोज एक्सपी असेल तर किमान सर्व्हिस पॅक १ लागतो, आणि बायॉस व कंट्रोलरलाही ४८ बिटांची पद्धत यायला हवी. इथे एक धोका आहे: बायॉस डिस्क पूर्ण दाखवतो, पण सर्व्हिस पॅक नसलेला एक्सपी १३७ जीबीच्या पुढे नीट लिहू शकत नाही. अशा मशीनवर आधीपासून भरलेली मोठी डिस्क जोडूच नका.

२०४८ जीबी आणि त्याच्या शेजारी उरलेली जागा वेगळी दिसत असेल तर दोष फक्त पार्टिशन टेबलमध्ये आहे. हा सगळ्यात सोपा प्रकार.

३ टीबीवर ७४६, ४ टीबीवर १६७८, ६ टीबीवर १४९३, ८ टीबीवर १३०८ असा *एकच* आकडा दिसत असेल तर वाटेतला एखादा टप्पा शून्यावर येतो आहे. पूर्ण आकारातून २०४८ जितक्या वेळा वजा होतील तितक्या वेळा करा, उरलेला आकडा मिळेल. इथे गफलत होते ती अशी: पार्टिशन टेबलच्या दोषातही ३ टीबी डिस्कवर ‘७४६’ हा आकडा दिसतो, पण २०४८ च्या जोडीला. एकटा ७४६ दिसला तर ड्रायव्हर किंवा बाहेरच्या खोक्याची चिप संशयित. अशा वेळी जीपीटी (पार्टिशन टेबलचा नवा प्रकार) करून किंवा फॉरमॅट मारून काहीही साध्य होत नाही, आणि बरेच जण तिथेच तासन्‌तास घालवतात.

२. डिस्क तयार केली आहे का

कोरी डिस्क ड्राइव्हच्या यादीत येत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर ती ‘नॉट इनिशियलाइझ्ड’ दिसते आणि एमबीआर (पार्टिशन टेबलचा जुना प्रकार) की जीपीटी असं विचारलं जातं. २ टीबीपर्यंत दोन्ही चालतात. त्यापुढे जीपीटीच निवडा, कारण एमबीआर टेबलमध्ये सेक्टर क्रमांकासाठी ३२ बिटच असतात.

एमबीआर निवडून झालं असेल आणि डिस्क रिकामी असेल तर त्यावरची सगळी पार्टिशनं काढा, डावीकडच्या ‘डिस्क १’ असं लिहिलेल्या राखाडी चौकोनावर उजवी क्लिक करा आणि ‘कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क’ निवडा. पर्याय पुसट असेल तर एखादं पार्टिशन अजून शिल्लक आहे. डिस्कपार्ट या आदेश टाइप करून चालवायच्या विंडोजच्या साधनातल्या ‘क्लीन’ आदेशानेही हे होतं, पण चुकून दुसऱ्या क्रमांकाची डिस्क निवडली तर तिचं पार्टिशन टेबल क्षणात जातं. तो मार्ग घ्यायचाच असेल तर आधी बाकीच्या डेटा डिस्कच्या केबल काढून ठेवा.

डिस्कवर आधीपासून डेटा असेल आणि विंडोज ‘इनिशियलाइझ करा’ म्हणत असेल तर ‘कॅन्सल’ दाबा. हे विशेषतः बाहेरच्या खोक्यातून काढून आत बसवलेल्या डिस्कबाबत घडतं. काही खोकी सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे असल्याचं कॉम्प्युटरला भासवतात, काही डेटा स्वतःच्या चिपमध्ये कूटबद्ध करतात. डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा केबलला (आयडीईनंतरची अरुंद केबल) जोडली की पार्टिशनच्या जागा जुळत नाहीत आणि ती कोरी वाटते. ती पुन्हा त्याच खोक्यात घाला, डेटा दुसरीकडे उतरवून घ्या आणि मगच आत बसवून नव्याने फॉरमॅट करा.

ऑपरेटिंग सिस्टीमची बाजू थोडक्यात. ३२ बिटांचा एक्सपी जीपीटी वाचत नाही, तो ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह’ एवढंच दाखवतो. व्हिस्टा आणि विंडोज ७ डेटा डिस्क म्हणून जीपीटी नीट वापरतात, ३२ बिटांच्या असल्या तरी. लेबलवर ‘४के नेटिव्ह’ (सेक्टर ४०९६ बाइटचे, आणि तसेच दाखवणारी) असं असेल तर विंडोज ७ वर ती चालणार नाही, विंडोज ८ किंवा पुढची आवृत्ती लागते. ‘५१२ई’ (आत ४०९६ बाइटचे, पण बाहेर ५१२ चे दाखवणारी) असेल तर हरकत नाही.

एक्सपी ठेवणं भाग असेल तर सरळ २ टीबीची डिस्क घ्या. ती सगळ्या ३२ बिटांच्या मर्यादेच्या आत बसते आणि पुढची निम्मी डोकेदुखी उरतच नाही. जुन्या मशीनसाठी हा सल्ला एक्सपी नसतानाही वाईट नाही.

३. केबल, पोर्ट आणि वीज

कॉपी मध्येच गोठणं, डिस्क कधी दिसणं कधी न दिसणं, वेग अचानक कोसळणं ही लक्षणं असतील तर आधी साटा केबल बदला. जुन्या मशीनमधली केबल वर्षानुवर्षं एकाच वळणात राहिलेली असते. नवीन डिस्क बसवताना ती सरकते आणि तिची पकड सैल होते. ‘क्लिक’ आवाज करून बसणारी, धातूची पट्टी असलेली केबल घ्या.

केबलच दोषी आहे का हे स्मार्ट नोंदींवरून (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) कळतं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं साधन उघडा आणि ‘सी७’ ओळ बघा, म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाची मोजणी. तो आकडा एकदा वाढला की कमी होत नाही, त्यामुळे नुसता शून्याहून जास्त असणं हा पुरावा नव्हे. आकडा लिहून घ्या, केबल बदला, २०-३० जीबी कॉपी करा, पुन्हा बघा. जैसे थे असेल तर केबलचा प्रश्न मिटला. ‘०५’, ‘सी५’ आणि ‘सी६’ या ओळी मात्र डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल बोलतात. नवीन डिस्कवर त्यात शून्याशिवाय काही असेल तर डिस्क बदलून घ्या, केबलच्या मागे लागू नका.

आयडीई असेल तर ८० तारांची केबल हवी, लांबी ४६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टर डिस्कला, मधलं राखाडी स्लेव्हला.

आता वीज. ३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते, म्हणजे क्षणभर २४ वॅटच्या आसपास. एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) थकलेला असेल तर नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज पडतं आणि डिस्क ‘टक’ असा आवाज करून पुन्हा प्रयत्न करते. आधी डीव्हीडी ड्राइव्ह आणि इतर डिस्कच्या वीजतारा काढून एकटी नवीन डिस्क चालवून बघा. मल्टिमीटर असेल तर मोकळ्या चार पिनी कनेक्टरवर मोजा: काळ्या आणि पिवळ्या तारेत ११.४ ते १२.६, काळ्या आणि लाल तारेत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. डिस्क फिरायला लागते त्या सेकंदाला काटा किंवा आकडा किती खाली जातो ते महत्त्वाचं, स्थिर झाल्यावर तर थकलेला एसएमपीएससुद्धा चांगला दिसतो.

बसवतानाची एक अडचण इथेच सांगून ठेवतो. ६ टीबी आणि वरच्या बऱ्याच डिस्कना कडेचं मधलं स्क्रूचं भोक नसतं आणि तळाची भोकंही सरकलेली असतात. जुन्या कॅबिनेटच्या खाचेत फक्त पुढचे किंवा फक्त मागचे स्क्रू बसतात. दोन्ही बाजूंनी मिळून किमान चार स्क्रू बसतील अशी जागा शोधा. एका बाजूने लटकवलेली डिस्क थरथरते आणि तिचा वेग पडतो. स्क्रू आखूड, जाड आट्यांचे घ्या. लांब स्क्रू आतल्या भागावर दाबला जाऊ शकतो.

४. डिस्क अजिबात फिरत नसेल

हे लक्षण बहुतेकांना ‘डिस्क मेली’ असं वाटतं आणि चांगली डिस्क परत केली जाते. कारण वेगळंच असू शकतं. २०१६ च्या साटा ३.३ मानकात वीज कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेला नवीन काम दिलं गेलं: त्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचं. सर्व्हरमध्ये दुरून डिस्क बंद-चालू करण्यासाठी ही सोय आहे. जुने एसएमपीएस मात्र त्या पिनेवर कायम ३.३ व्होल्ट देतात, म्हणून डिस्क कायम बंद राहते. मोठ्या क्षमतेच्या, सर्व्हरसाठी बनवलेल्या किंवा बाहेरच्या खोक्यातून काढलेल्या डिस्कमध्ये हे जास्त आढळतं.

ओळख अशी: साटा वीज कनेक्टरकडे येणाऱ्या तारांमध्ये नारिंगी तार असेल तर तीच ३.३ व्होल्टची. चार पिनी मोलेक्स कनेक्टरवर ती नसते. म्हणून मोलेक्स ते साटा असा जोड लावून डिस्क फिरवून बघा. फिरली की निदान पक्कं.

जोड निवडताना जपून. प्लास्टिक ओतून एकसंध केलेल्या साटा टोकाच्या आत तारा एकमेकींजवळ सरकून शॉर्ट होतात आणि असे जोड जळल्याची उदाहरणं आहेत. ज्यात प्रत्येक तार वेगळी, खाचेत दाबून बसवलेली दिसते आणि मागचं झाकण उघडतं, तो जोड घ्या. दुसरा मार्ग म्हणजे डिस्कच्या वीज कनेक्टरवरच्या तिसऱ्या पट्टीवर उष्णता सोसणारी पिवळसर पॉलिइमाइड टेप चिकटवणं. मोजणी डेटा कनेक्टरच्या बाजूने करा. पहिल्या तीनही पट्ट्या झाकल्या तरी चालतं, कारण त्या तीनही ३.३ व्होल्टच्याच आहेत. चौथीला मात्र टेप लागू देऊ नका. साधी प्लास्टिक टेप वापरू नका, ती कनेक्टर घालताना गोळा होते.

५. बायॉस, बॅटरी आणि साटा मोड

डिस्क फिरते पण बायॉसमध्येही नाव नाही, अशा वेळी आधी पोर्ट चालू आहे का बघा. ऑफिसमधून आलेल्या जुन्या मशीनमध्ये न वापरलेले साटा पोर्ट बायॉसमध्ये बंद करून ठेवलेले असतात. तो पोर्ट ‘ऑन’ किंवा ‘ऑटो’ करा. चालू डिस्कच्या पोर्टवर नवीन डिस्क लावून बघणं हा त्याहून झटपट मार्ग.

२००३ ते २००६ च्या काळातल्या व्हीआयए व्हीटी८२३७ चिपसेटच्या मदरबोर्डवर आणखी एक अडचण येते. त्यांचा साटा कंट्रोलर पहिल्या पिढीचा, १.५ गिगाबिटचा, आणि त्याला नव्या डिस्कशी वेग ठरवताच येत नाही. डिस्कवर वेग १.५ गिगाबिटला बांधणारा जंपर असेल तर तो लावा, कुठल्या दोन पिना ते निर्मात्याच्या पत्रकात मिळेल. जंपरची सोय नसेल तर या बोर्डच्या पोर्टवर वेळ घालवू नका, सातव्या मुद्द्यावर जा.

मग मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी. काढून मोजा. नवीन बॅटरी ३ व्होल्टच्या जरा वर दाखवते, २.८ च्या खाली असेल तर बदला. ती कमजोर असली की वीज गेल्यावर बायॉस मूळ सेटिंगवर जातो आणि साटा मोड (कंट्रोलर डिस्कशी कुठल्या पद्धतीने काम करतो ते) नव्या एएचसीआयचा जुना आयडीई होतो किंवा उलट. मग विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन येते, ‘७बी’ने संपणारा कोड दिसतो आणि दोष नव्या डिस्कवर टाकला जातो. मोड पूर्ववत केला की विंडोज सुरू होतं.

मोड मुद्दाम बदलून एएचसीआय करायचा असेल तर विंडोज १० मध्ये आधी सिस्टीम कॉन्फिगरेशनमधून सेफ मोडची खूण करा, रीस्टार्ट करून बायॉसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या आणि खूण काढा. विंडोज ७ मध्ये रजिस्ट्रीत हात घालावा लागतो. सराव नसेल तर आहे तो मोड राहू द्या, डेटा डिस्कला आयडीई मोडनेही काम भागतं.

कॉम्प्युटर लोगोवर अडकत असेल तर बायॉसला एवढा मोठा आकार पचत नाहीये. त्या पोर्टचा पर्याय ‘नन’ करून बघा. विंडोज आणि लिनक्स स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क शोधतात, त्यामुळे बायॉसने दुर्लक्ष केलं तरी डिस्क बहुधा दिसते.

६. ड्रायव्हर

एकटा ७४६ किंवा १६७८ दिसत होता तो प्रश्न इथे सुटतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साटा कंट्रोलरचं नाव बघा. इंटेलचा रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी ड्रायव्हर १०.१ पेक्षा जुना असेल तर तो २.२ टीबीच्या (म्हणजे त्याच २०४८ जीबीच्या) पुढे जात नाही. १०.१ किंवा नंतरची, तुमच्या चिपसेटला चालणारी आवृत्ती घ्या. खात्री करायची असेल तर तात्पुरता मायक्रोसॉफ्टचा साधा एएचसीआय ड्रायव्हर लावा किंवा लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा. लिनक्समध्ये पूर्ण आकार दिसला तर हार्डवेअर सुटलं आणि ड्रायव्हर पकडला गेला. ही एक तपासणी बायॉस अपडेटच्या कितीतरी जोखमी वाचवते.

यूएसबी खोक्यात आकार कमी दिसत असेल तर ड्रायव्हर नव्हे, खोक्यातली चिप जुनी आहे. ते बदलण्याखेरीज उपाय नाही.

७. कार्ड, बायॉस अपडेट आणि बूट

मोकळा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असेल तर एएसएम१०६१ चिपचं दोन पोर्टचं साटा कार्ड हा चांगला उपाय. पहिल्या पिढीच्या एक्स१ स्लॉटमधूनही सेकंदाला २५० एमबीपर्यंत डेटा जाऊ शकतो, एका फिरत्या डिस्कला तेवढं पुरतं. जुन्या, लांब पीसीआय स्लॉटची कार्डं मोठ्या डिस्कसाठी टाळा. त्यांच्या चिपाही तितक्याच जुन्या असतात.

बायॉस अपडेट मी मुद्दाम एवढ्या खाली ठेवला आहे. मध्येच वीज गेली तर बोर्ड सुरूच होत नाही. निर्मात्याच्या बदलयादीत मोठ्या डिस्कचा स्पष्ट उल्लेख असेल आणि मशीन यूपीएसवर असेल तरच करा.

मोठ्या डिस्कवरूनच विंडोज सुरू करायचं असेल तर जीपीटी, यूईएफआय (बायॉसची नवी पिढी) आणि साधारणपणे ६४ बिटांचं विंडोज, तिन्ही लागतात. जुन्या बायॉसच्या मशीनवर हे होणार नाही. तिथे विंडोज छोट्या एसएसडीवर ठेवा आणि मोठी डिस्क फक्त डेटासाठी. वेगही वाढतो. लिनक्स मात्र जुन्या बायॉसवर जीपीटीवरून सुरू होऊ शकतं, त्यासाठी ग्रबला (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) १ एमबीचं वेगळं बूट पार्टिशन द्यावं लागतं. तरीही काही जुने बायॉस डिस्कच्या सुरुवातीच्या भागापुढचं वाचत नाहीत, म्हणून बूटच्या फाइली सुरुवातीच्या छोट्या पार्टिशनमध्ये असू द्या.

चालते, पण फार हळू

पार्टिशन एक्सपीमध्ये बनवलं असेल तर ते ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतं आणि आतल्या ४०९६ बाइटच्या सेक्टरशी जुळत नाही. प्रत्येक छोट्या लेखनाला दुप्पट काम पडतं. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये स्टोरेजखाली ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ बघा. १०,४८,५७६ असेल तर ठीक. ३२,२५६ असेल तर विंडोज ७ किंवा नंतरच्या विंडोजमध्ये पार्टिशन नव्याने बनवा. सुरुवातीला वेगाने कॉपी होऊन शेकडो जीबीनंतर वेग कोसळत असेल तर ती एसएमआर प्रकारची (डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) डिस्क असू शकते. तो तिचा स्वभाव आहे, बिघाड नाही.

डेटा टाकण्याआधीची चाचणी

२ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर पहिलं पार्टिशन २१,००,००० एमबीचं बनवा. २०४८ जीबी म्हणजे २०,९७,१५२ एमबी, तेव्हा हे पार्टिशन सीमेच्या जरा पुढे संपतं. उरलेल्या जागेत दुसरं बनवा. एच२टेस्टडब्ल्यू हे साधन वापरून पहिल्यावर १०० जीबी लिहून तपासा. मग दुसऱ्यावर १०० जीबी लिहा. आता मशीन बंद करून चालू करा आणि पहिल्या पार्टिशनवरच्या त्याच फाइली पुन्हा फक्त ‘व्हेरिफाय’ करा. क्रमांक शून्यावर येत असतील तर दुसऱ्यावर लिहिलेलं पहिल्यावर जाऊन पडलेलं असतं: एकतर तपासणी चुका दाखवते किंवा पहिलं पार्टिशन उघडतच नाही.

ही झटपट चाचणी नापास झाली तर निदान नक्की. पास झाली तर ती पार्टिशनं काढा, हवी तशी रचना करा आणि पूर्ण डिस्क एकदा भरून तपासा. ४ टीबीला लिहायला सात-आठ तास आणि वाचायला जवळपास तेवढेच लागतात. रात्री लावून ठेवा. या वेळेत तापमानावरही नजर राहते. जुन्या कॅबिनेटमध्ये समोरचा पंखा नसेल तर डिस्क ५० अंशांच्या वर सहज जाते, आणि मग पंखा लावणं आलंच.

कुठे थांबायचं

डिस्कमधून लयीत ‘टक टक’ किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल आणि तिच्यावर हवा असलेला डेटा असेल तर वीज काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं की हेड पृष्ठभागाला आणखी खरवडतं. झाकण उघडू नका. मोठ्या क्षमतेच्या अनेक डिस्कमध्ये हेलियम भरलेला असतो, तो गेला की डिस्क गेली.

पार्टिशन गायब झालं किंवा फाइली विचित्र दिसायला लागल्या तर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) चालवू नका. तो न जुळणाऱ्या नोंदी दुरुस्त करायला जातो, आणि क्रमांकाचा घोळ असलेल्या मशीनवर त्या दुरुस्त्याही चुकीच्या जागी लिहिल्या जातात. डिस्क काढा, पूर्ण आकार नीट दाखवणाऱ्या नव्या मशीनवर फक्त वाचण्यासाठी जोडा. तिथेही दिसत नसेल तर पुढचं काम तज्ज्ञाचं.

एसएमपीएसचा जळका वास, वितळलेला कनेक्टर किंवा १२ व्होल्टची तार ११.४ च्या खाली जाणं, यापैकी काही दिसलं तर मशीन बंद करा. एसएमपीएसचं झाकण घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहतं. बायॉस अपडेट अर्धवट राहून स्क्रीन काळी पडली तर चिप बाहेरून प्रोग्राम करून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे बोर्ड न्या.

तज्ज्ञाकडे जाताना पहिल्या मुद्द्यात लिहिलेला कागद सोबत ठेवा: लेबलवरचा, बायॉसमधला आणि विंडोजमधला आकार, मदरबोर्डचं मॉडेल, ड्रायव्हरची आवृत्ती, आणि डिस्क शेवटची नीट चालली तेव्हा ती साधारण किती भरलेली होती.